उष्णतेचा हिशेबनीस

भांडुपचे नाव आपल्याकडच्या रेल्वेच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर येते, हे खुद्द भांडुपकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्यांना त्या मुक्कामात प्रथम सुचली असे रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने चौदा डबे ओढीत बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती आमच्या भांडुपवरूनच.

त्या दिवशी लोकांनी पाहिला तो धूर आणि ऐकली ती वाफेची फुसफुस. आता हिशेब करायला बसले तर हा धूर आणि ही वाफ म्हणजे वाया गेलेला कोळसा. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम पाच-सात भाग चाके फिरवायला लागत, उरलेली उष्णता आकाशाला अर्पण. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी हे खाते आपल्याला नीट जुळवता आलेले नाही. आजच्या औष्णिक वीज केंद्रातही शंभरातले साठ भाग, कधी त्याहून जास्त, धुराड्यावाटे आणि यंत्रे थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जातात. एसीच्या मागून येणारा गरम झोत, ट्रकच्या सायलेन्सरची धग, लॉन्ड्रीची वाफ, सगळी त्याच जातीची उधळपट्टी. फार तापलेली नाही म्हणून कुणी तिला विचारत नाही, आणि एवढी थोडीही नाही की सोडून द्यावी.

मी भांडुप पश्चिमेला राहतो. एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. ऐंशीच्या दशकात लाल बहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला जुनी माणसे अजून आग्रा रोडच म्हणतात, कारखान्यांची रांग होती. टायर, रंग, यंत्रांचे सुटे भाग, काय नव्हते तिथे! भोंगा झाला की रस्ता निळ्या आणि खाकी कपड्यांनी भरून जायचा. आज त्यातल्या बऱ्याच जागांवर टॉवर आणि मॉल उभे आहेत. माझ्या वर्गातली निम्मी मुले त्या कामगारांची. त्यातला एक मुलगा वडिलांचा डबा पोचवायला बॉयलरपर्यंत जात असे. कारखान्याच्या भिंतीबाहेर गटारात गरम पाणी सोडलेले असायचे आणि थंडीच्या सकाळी त्यावर वाफेचा पांढरा पट्टा तरंगायचा. हा मुलगा डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत राहायचा, घरी वीज नव्हती, अभ्यास कंदिलावर. विद्युतघटांचा धडा चालू असताना त्याने उभे राहून विचारले, की ते गटारातले गरम पाणी घटाला दिले तर त्याची वीज होणार नाही का.

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मी फळ्यावर नुकतेच जे समीकरण लिहिले होते त्यात तपमानाचे टी हे अक्षर ठळकपणे होतेच. समीकरण होते नर्न्स्टचे.

बारावीच्या मुलांना वाल्थर नर्न्स्ट समीकरणापुरताच माहीत असतो, गुणांपुरता म्हणा ना! पण हा माणूस आयुष्यभर एकच हिशेब मांडत होता: निसर्गाकडून मिळालेल्या उष्णतेतले किती कामी येते, आणि किती हातून निसटणारच. त्याच्या आयुष्याची कथा त्या मुलाच्या प्रश्नाला बरोबर लागून आहे, म्हणून ती सांगतो.

२५ जून १८६४ रोजी तेव्हाच्या पश्चिम प्रशियातल्या ब्रीझेन या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील न्यायाधीश. मुलाला मात्र लहानपणी कवी व्हायचे होते. ते राहिले, तरी नाटकाची आणि साहित्याची आवड जन्मभर टिकली. झ्यूरिक, बर्लिन, ग्रात्स, व्युर्त्सबर्ग अशी विद्यापीठे करीत तो शिकला. त्या काळी जर्मन विद्यार्थी चांगल्या गुरूच्या शोधात असेच गावोगाव फिरत, आपल्याकडे गवई घराण्याच्या शोधात फिरत तसे.

ग्रात्सला बोल्ट्समान होता. उष्णता म्हणजे अणुरेणूंची धावपळ हे गणिताने मांडणारा हा थोर शास्त्रज्ञ. त्याच्या प्रयोगशाळेत एटिंग्सहाउझेन नावाच्या सहकाऱ्याबरोबर नर्न्स्टने १८८६ मध्ये एक गंमत शोधली. बिस्मथ धातूच्या पट्टीचे एक टोक गरम, दुसरे थंड ठेवले आणि पट्टी लोहचुंबकाच्या क्षेत्रात धरली, तर तिच्या दोन कडांमध्ये विजेचा दाब निर्माण होतो. बाविशीतल्या या पोराने पहिल्याच मोठ्या कामात उष्णतेतून सरळ वीज काढून दाखवली होती, वाफ नाही, चाक नाही, पट्टा नाही. वीज अगदी थोडी होती, ही गोष्ट वेगळी.

तिथून तो लाइपत्सिगला ओस्टवाल्डकडे गेला आणि १८८९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने ते समीकरण मांडले. व्होल्टाने पहिला विद्युतघट १८०० मध्ये केला होता. म्हणजे नव्वद वर्षे लोक घट वापरत होते, तारायंत्रे चालवत होते, पण घटाचा दाब अमुक इतकाच का, हे कुणाला धड सांगता येत नव्हते. नर्न्स्टची कल्पना स्वयंपाकघरात समजेल अशी आहे. साखर पाण्यात विरघळू पाहते. धातूलाही अशीच विरघळण्याची ओढ असते असे त्याने धरले. जस्ताची पट्टी द्रावणात बुडवली की तिचे काही अणू विद्युतभार घेऊन, म्हणजे आयन होऊन, द्रावणात उतरू पाहतात. द्रावणात आधीच असलेले आयन त्यांना मागे रेटतात. ही ओढ आणि हा रेटा यांच्या झुंजीतून दाब निर्माण होतो. द्रावण किती दाट आणि किती गरम, एवढे कळले की तो दाब आता कागदावर काढता येऊ लागला.

गरम किती, हे इथे महत्त्वाचे. घटातली रासायनिक क्रिया जेवढी ऊर्जा मोकळी करते तेवढीच वीज मिळते, असा पूर्वी समज होता. तसे नसते हे नर्न्स्टच्या आधी गिब्स आणि हेल्महोल्ट्झ यांनी दाखवले होते. काही घटांचा दाब तपमान वाढले की वाढतो, आणि असे घट चालू असताना थंड पडू लागतात. आसपासची उष्णता ओढून घेऊन ते तिची वीज करतात! उलट जातीचे घट थंडीत जास्त दाब देतात. आता एखादा घट एका तपमानाला भारित केला आणि दुसऱ्या तपमानाला रिकामा केला तर? किंवा एकाच घटाचा एक इलेक्ट्रोड गरम, एक थंड ठेवला तर? दोन्ही वेळा दाबातला फरक आपल्या पदरात पडतो, आणि त्याची किंमत कोळशाने नाही, नुसत्या उष्णतेने भरलेली असते.

त्या मुलाला मी हे प्रयोगशाळेत दाखवले. पोटॅशियमची फेरोसायनाइड आणि फेरीसायनाइड ही दोन क्षारे बारावीच्या कपाटात असतातच. दोन्हींचे सारखे दाट मिश्रण वाकवलेल्या काचेच्या नळीत भरले, दोन्ही तोंडांत शिसपेन्सिलीच्या कांड्या सोडल्या, नळीचा एक हात बर्फात, दुसरा गरम पाण्यात. हे द्रावण दर अंशाच्या फरकाला सुमारे १.४ मिलिव्होल्ट दाब देते. पन्नास अंशांचा फरक असेल तर ७० मिलिव्होल्ट. काटा हलला, सगळ्यांनी पाहिला. विजेरीच्या एका सेलएवढा दाब हवा तर अशा वीसेक नळ्या एकापुढे एक जोडाव्या लागतील, आणि त्यातून निघणारा प्रवाह इतका किरकोळ की विजेरीचा बल्ब पेटणार नाहीच. मुलाने वहीत वीसने गुणाकार केला, मग आणखी कशाने तरी केला, आणि बराच वेळ वहीकडे बघत बसला.

कमी का मिळते? याचे उत्तर नर्न्स्टच्याही आधीचे, फ्रान्सच्या सादी कार्नोचे, १८२४ सालचे. उष्णतेचे पाण्यासारखे असते. खोपोलीला घाटावरचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते, म्हणून १९१५ पासून तिथे वीज होते. आमच्या शेजारच्या पवई तलावात पाणी भरपूर, पण उंची नाही. उष्णतेची उंची म्हणजे तपमानातला फरक. गटाराचे पाणी ८० अंश आणि भांडुपची हवा ३० अंश धरली, तर जगातले कोणतेही यंत्र, कितीही हुशारीने बनवलेले, त्या उष्णतेच्या शंभर भागांतून चौदाच्या वर वीज काढू शकणार नाही. ही मर्यादा कारागिराच्या हाताची नाही, निसर्गाची आहे. प्रत्यक्षातले घट तर त्या चौदाच्याही बऱ्याच खाली राहतात.

नर्न्स्टला या मर्यादा पक्क्या माहीत होत्या, पण त्याला पैसाही कळत होता. प्राध्यापक मंडळींत हे दोन्ही एकत्र सहसा सापडत नाही. ग्योटिंगेनला स्थिरावल्यावर १८९२ मध्ये त्याचे एम्मा लोमायर हिच्याशी लग्न झाले. दोन मुलगे आणि तीन मुली असा संसार वाढला. तिथे त्याने भौतिक रसायन आणि विद्युतरसायनाची संस्था उभी केली आणि १८९७ मध्ये एक दिवा शोधला. तेव्हाचे एडिसनचे दिवे कोळशाच्या तंतूचे, बहुतेक वीज उष्णतेत घालवणारे. नर्न्स्टने तंतूच्या जागी झिर्कोनियम आणि इट्रियम यांच्या ऑक्साइडांची कांडी घेतली. थंड असताना ती वीज वाहूच देत नाही, आधी तापवावी लागते. एकदा तापली की मात्र शुभ्र प्रकाश, निर्वात फुगाही नको. हा दिवा त्याने एईजी या बर्लिनच्या कंपनीला दहा लाख मार्कांना विकला, आणि त्या पैशातून मोटारी घेतल्या. ग्योटिंगेनमधल्या पहिल्यावहिल्या मोटारींतली एक त्याची होती. पुढे टंगस्टनचा तंतू आला आणि नर्न्स्टचा दिवा बाजारातून गेला. कंपनीचे नुकसान झाले असेल, प्राध्यापकाचे नाही.

पण कांडी वाया गेली नाही. तापलेल्या झिर्कोनियामधून वाहतात ते ऑक्सिजनचे आयन. आजच्या मोटारीच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारी जी बारीक वस्तू असते ती याच मालाची, आणि तिचा दाब याच समीकरणाने काढतात. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी तासभर अडकून पडलेल्या गाड्यांपैकी किती जण हे जाणत असतील! घन पदार्थाच्या इंधनघटांचा पूर्वजही हीच कांडी.

१९०५ मध्ये तो बर्लिनला गेला. तिथे त्याचे सर्वांत मोठे काम झाले. प्रश्न असा होता, की एखादी रासायनिक क्रिया किती उष्णता देते हे मोजता येते, पण त्यातून जास्तीत जास्त किती काम किंवा वीज मिळेल हे नुसत्या उष्णतेच्या मोजमापावरून सांगता येत नव्हते. हिशेबात एक आकडा नेहमी अडायचा. नर्न्स्टने सुचवले की निरपेक्ष शून्य तपमानाकडे, म्हणजे उणे २७३ अंशांकडे जाऊ लागले की मिळणारी उष्णता आणि मिळणारे काम यांतला फरक नुसता कमी होत नाही, तो आपोआप पुसला जातो. अडलेला आकडा सुटला. यालाच पुढे उष्णताशास्त्राचा तिसरा नियम म्हणू लागले. सिद्ध करायला त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी द्रव हायड्रोजनच्या थंडीत वर्षानुवर्षे पदार्थांच्या उष्णता मोजल्या. नर्न्स्टला स्वतःचे कौतुक कमी नव्हते. पहिला नियम शोधणारे तिघे, दुसरा शोधणारे दोघे, तिसरा शोधणारा मी एकटा, म्हणजे चौथा नियम असणारच नाही, असे तो गमतीने सांगत असे. १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला या कामासाठी मिळाले.

मधल्या काळात त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. ब्रुसेल्सचे उद्योगपती सोल्व्हे यांना पटवून १९११ ची ती प्रसिद्ध परिषद भरवली आणि १९१३ मध्ये प्लांकबरोबर झ्यूरिकला जाऊन आइन्स्टाइनला बर्लिनला येण्याची गळ घातली. माणसे ओळखण्यात तो चुकत नसे.

आणि मग १९१४ आले. पन्नाशीचा नर्न्स्ट स्वतःची मोटार घेऊन लष्करात निरोप्या चालक म्हणून दाखल झाला. घरासमोर त्याची बायको त्याच्याकडून कवायत आणि सॅल्यूट करून घेत होती, अशी आठवण त्याचे विद्यार्थी सांगत. जर्मन फौज पॅरिसच्या जवळ पोचली तेव्हा तो तिच्याबरोबर होता. परत आला तो थकून. पुढे युद्धाच्या रसायनांवरच्या कामातही त्याने हात घातला. त्याच्या चरित्रातला हा भाग मला वाचवत नाही, पण तो गाळून चालणार नाही. दोन्ही मुलगे युद्धात गेले, एक पहिल्याच वर्षी, दुसरा १९१७ मध्ये. नोबेल घ्यायला गेला तो हे सगळे मागे टाकून नव्हे, पाठीवर घेऊन.

नर्न्स्टला शिकारीची आणि शेतीची हौस होती, त्याची खेड्यात जमीन होती. तिथली एक गोष्ट त्याचे शिष्य फार आवडीने सांगत. थंडीच्या दिवसांत एकदा तो गोठ्यात शिरला तर आत छान ऊब. गोठा तापवायला कोण कोळसा जाळतो आहे, अशी चौकशी केली. कळले की ऊब गायींच्या अंगाची आहे. झाले, त्याने गायी विकून टाकल्या आणि तळ्यात कार्प मासे पाळायला घेतले. आपल्या पैशाच्या चाऱ्याने सगळे विश्व तापवत बसणाऱ्या जनावरांपेक्षा, भोवतालच्या पाण्याएवढेच ज्यांचे तपमान असते असे प्राणी विचारी माणसाने पाळावेत, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याने हे ऐकले तर तो शेण आणि दूध कुठल्या खात्यात धरले, असे नक्की विचारील. पण ही नुसती विनोदाची गोष्ट नाही. साऱ्या विश्वाची उष्णता हळूहळू विखरून एकसारखी कोमट होईल आणि मग कुठेच काही घडणार नाही, ही त्या काळच्या शास्त्राची भविष्यवाणी नर्न्स्टला मनापासून अमान्य होती. विखुरलेली ऊर्जा अवकाशात कुठेतरी पुन्हा गोळा होत असली पाहिजे, असे त्याने लिहिले आणि त्यावर व्याख्याने दिली. पुढच्या पिढ्यांनी ते स्वीकारले नाही. दोन मुलगे गमावलेल्या माणसाने काहीच कायमचे वाया जात नाही असे मानावे, यात मला नवल वाटत नाही.

कोमट उष्णता गोळा करण्याची खटपट मात्र चालू राहिली आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी एक घट केला. त्याचा एक इलेक्ट्रोड तांब्याच्या हेक्झासायनोफेरेटचा. हे संयुग प्रशियन ब्ल्यूच्या कुळातले, आणि तो निळा रंग बर्लिनमध्येच अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला. हा घट ६० अंशांना भारित करायचा, १० अंशांना रिकामा करायचा. गरम असताना भारित करायला दाब कमी लागतो, थंड झाल्यावर मिळतो तो जास्त, मधला नफा आपला. कार्नोच्या हिशेबाने या दोन तपमानांमध्ये पंधरा टक्क्यांची कमाल मर्यादा, आणि त्यांनी ५.७ टक्के मिळवले, उष्णतेचा काही भाग फिरवून परत वापरला असे धरून. काचेच्या नळीतल्या आमच्या प्रयोगाच्या तुलनेत ही फार मोठी मजल. पण घट पुन्हा पुन्हा तापवायचा आणि गार करायचा म्हणजे वेळ जातो, त्यातले पाणी आणि धातू तापवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते, आणि हजारो फेऱ्यांनंतर तो टिकला पाहिजे. कारखान्याच्या मालकाला हे सगळे स्वस्तात हवे. गरम पाणी फुकट आहे, पण त्यातून वीज काढणारे यंत्र फुकट नाही, इथे गाडे अडते. डब्यासाठी बॉयलरपर्यंत जाणाऱ्या त्या मुलाने कागदावर केलेला गुणाकार तसा याच ठिकाणी येऊन थांबला होता. त्याच्या वस्तीत पुढे वीज आली ती खांबावरून, तारेने.

१९३३ मध्ये हिटलर आला. नर्न्स्टचे दोन जावई ज्यू होते. एक मुलगी इंग्लंडला गेली, एक ब्राझीलला. आइन्स्टाइन तर आधीच गेला होता, ज्याला आणायला नर्न्स्ट एके काळी झ्यूरिकपर्यंत गेला होता. त्याची संस्था, त्याचे सहकारी, एकेक करून सगळे पांगले. त्याच वर्षी तो विद्यापीठातून निवृत्त झाला आणि पूर्वेकडच्या त्सिबेल्ले गावी आपल्या जमिनीवर राहायला गेला. १९३७ मध्ये ऑक्सफर्डने त्याला मानद पदवी दिली, तेव्हा तो इंग्लंडला जाऊन आला. नाझी राजवट त्याला कधीच मानवली नाही आणि त्याने ते लपवलेही नाही. राजवटीने त्याला फारसे विचारलेच नाही.

१८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्सिबेल्लेला त्याचा मृत्यू झाला. युद्ध संपल्यावर सरहद्द सरकली आणि ते गाव, जन्मगावासारखेच, पोलंडमध्ये गेले. त्याच्या अस्थी पुढे ग्योटिंगेनला आणल्या. आज तो तिथल्या शहराच्या दफनभूमीत आहे. ज्याच्याबरोबर झ्यूरिकची आगगाडी धरली होती तो प्लांकही तिथेच आहे.